साफ केलेली रेघ

सलमान वेल्डर आपल्या बायकोला चारचौघांत "पाण्याची डॉक्टरीण" म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. आफरीनचे वडील चांदसाब सांगोल्याकडे टँकर चालवत, टाकीत आदळणारं पाणी ऐकतच ती वाढली. आता ती सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात खळबळत्या प्रवाहाचा अभ्यास करी. शहराच्या मोठ्या जलवाहिनीतल्या दाबाची रेघ तिच्या पडद्यावर उमटे. सलमान काम करी तो त्याच वाहिनीवर.

खळबळणारं पाणी सारखं खळबळत नाही. बराच वेळ गप राहतं, मग झटक्यांचा घोळका येतो. सरासरीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यातून प्रयोगशाळेची रीत अशी, की फार उंच झटका म्हणजे यंत्राचा दोष. तो पुसायचा आणि तिथं सरासरी भरायची. अशाच साफ केलेल्या रेघेवर ही वाहिनी सुरक्षित ठरली होती.

त्या सकाळी तिनं मूळ आकडे उघडले. पुसलेले झटके घोळक्यानं आले होते, आणि दर घोळका आधीच्याहून उंच. यंत्राचा दोष असा वाढत जातो होय?

"मॅडम, हजारात एखादा झटका," विभागप्रमुख प्रभुलिंग सर म्हणाले. "त्यापायी शहराचं पाणी तोडू?"

तिनं सलमानला फोन लावला. तो व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरला होता.

"पाणी कसं आहे?"

"लई गप हाय. का, त्याच्याशीच निकाह लावायचा होता का तुझा?"

"गप आहे म्हणूनच म्हणते. वाहिनी फुटेल. वर या."

"कधी फुटंल, सांग की!"

"ते सांगता येत नाही."

"मग मुकादमाला काय सांगू? बायकोला रेघ दिसली?" तो हसला.

आफरीननं डोळे मिटले. "आपली इफ्रा शाळेत पडलीय. डोक्याला लागलंय."

तो धापा टाकत शाळेत गेला. इफ्रा मैदानात खेळत होती. तिथून तो थेट कॉलेजात आला.

"पोरीच्या नावानं खोटं बोललीस?"

तिनं त्याचा काळवंडलेला हात घट्ट धरला. "खड्ड्यात आता कुणी नाही ना?"

"काम थांबतंय व्हय? मल्लेश उतरला की माझ्या जागी."

पडद्यावर रेघ अजून गपच होती. तिनं मल्लेशचा नंबर लावला.

"बोला भाभी," तो खड्ड्यातून म्हणाला.

त्याला ना बायको, ना मूल. काय खोटं सांगावं, तिला सुचेना.