मागच्या सीटवरचा पहारा

आमच्या साडूंच्या मते या जगात दोनच प्रकारची माणसं आहेत. एक चोर, आणि दुसरी ज्यांना अजून संधी मिळालेली नाही ती. मला त्यांनी मोठ्या मनानं दुसऱ्या प्रकारात घातलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अमरावतीचे नावाजलेले वकील, आता निवृत्त. मी अकोल्याचा शाळामास्तर, तोही निवृत्त. महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही नवराबायको अमरावतीला जातो, ताईंच्या हातचं जेवतो आणि परत निघालो की साडू दारात आडवे उभे राहून अगदी प्रेमानं म्हणतात, "साडभाऊ, पिशवी दावा बरं." मग मी पिशवी उघडून धरायची, त्यांनी आत टॉर्च मारायचा, टॉवेल, चष्म्याचं घर, ताईंनी दिलेली लोणच्याची बरणी सगळं नजरेखालून घालायचं, बरणी कानाशी हलवून बघायची आणि "या आता, सांभाळून जा" म्हणायचं. पहिल्या वेळी मी भयंकर चिडलो होतो. "अहो, ते व्याह्यांचीसुद्धा पाहतात," असं बायकोनं सांगितलं तेव्हा कुठे शांत झालो.

दूधवाल्याला ते म्हशीच्या तब्येतीबद्दल आपुलकीनं विचारतात आणि आठ दिवसांनी तेच वेगळ्या शब्दांत विचारून त्याच्या जबाबातली विसंगती काढतात. मध्यंतरी राखणीला कुत्रा पाळला होता, पण त्याला शेजाऱ्याच्या हातून बिस्कीट खाताना पाहिल्यावर फितूर ठरवून शेतावर धाडलं. घरात सुपारीला बंदी. पूजेला सुपारी लागतेच म्हणून भटजी स्वतःची सुपारी घेऊन येतात आणि गणपतीचं विसर्जन झालं की ती खिशात घालून घेऊन जातात. जाताना त्यांचीही पिशवी पाहिली जाते. संशय ठीक आहे, पण सुपारीनं काय घोडं मारलं, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

पण हे सगळं किरकोळ. साडूंचा खरा जीव, आणि म्हणून खरा संशय, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथे त्यांची जुनी टूरिंग गाडी उभी असते. गाडीच्या कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण "चोरबी वाचते, साडभाऊ" अशी त्यांची ताकीद आहे. एवढंच सांगतो, की लांबलचक बॉनेट, पितळी दिवे, तारांची चाकं, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फळ्या, रबरी फुगा दाबून वाजवायचा भोंगा आणि मागे गुंडाळून ठेवता येणारा कापडी टप, असा तिचा थाट आहे. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या सेठांनी ती बोटीनं मुंबईला आणि तिथून मालगाडीनं अकोल्याला आणली. उन्हाळ्यात ती सेठांना घेऊन चिखलदऱ्याला चढायची. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत चाकं रुतली की बैलजोडी लावून ओढून काढावी लागायची, आणि ते बैल म्हणे तिच्याकडे तुच्छतेनं बघायचे. हे सगळं साडू डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात, कारण त्यातलं बरंचसं त्यांनी डोळ्यांनीच पाहिलेलं आहे. त्यांचे वडील त्या गाडीचे ड्रायव्हर होते.

ही गोष्ट मला ताईंनी सांगितली, साडू बाजारात गेले आहेत याची तीनदा खात्री करून घेऊन. सेठांना मागच्या सीटवर बसून सुपारी कातरायची सवय होती. त्यासाठी त्यांचा चांदीचा, मोराच्या आकाराचा अडकित्ता होता. एका फेरीनंतर तो सापडेना. गाडीला हात लावणारा माणूस एकच. मुनीमजींनी जिनिंगच्या फाटकात, सगळ्या मजुरांसमोर, ड्रायव्हरची पिशवी पालथी केली. "त्यातून अर्धी भाकर आन कांदा पडला, भाऊजी," ताई म्हणाल्या. "हे बाजूले उभे होते, बापाचं बोट धरून. शाळेत नव्हते जात अजून." अडकित्ता मिळाला नाही, नोकरी गेली. अकोला सोडून ते कुटुंब अमरावतीला आलं, वडिलांनी आयुष्यभर भाजी विकली आणि पुन्हा कधी कुठल्या गाडीच्या चाकाला हात लावला नाही. मी त्या दिवशी निघताना न सांगता पिशवी उघडून धरली.

पुढे सेठ गेले, जिनिंग बंद पडलं आणि गाडी फिरत फिरत दर्यापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊन पडली. साडू एका दाव्याच्या कामानं तिथे गेले, तेव्हा तिच्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या आणि वर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. त्यांनी अशिलाचं ऐकणं सोडलं, पऱ्हाट्या बाजूला केल्या आणि वडील ज्या फळीवर त्यांना उभं करून जिनिंगभर एक चक्कर मारून आणत, त्या फळीवरून हात फिरवला. गाडी घरी आली. "एक डाव हे चालू करायची, टप पाडायचा, आन सेठच्या बंगल्यासमोर नेऊन उभी करायची. बाकी मले काई नाई पायजे," असं त्यांनी जाहीर केलं, आणि मग ती चालू न होण्याची सगळी व्यवस्था त्यांनी स्वतःच केली.

म्हणजे असं, की गाडी दुरुस्त करायची तर मिस्त्रीच्या हातात द्यावी लागते, आणि मिस्त्री म्हटला की अस्सल भाग काढून नकली बसवणार, ही साडूंची खात्री. म्हणून त्यांनी ताईंच्या नेलपॉलिशनं एकेका नटावर खूण केली. त्या बाटलीवरून ताईंनी दोन दिवस अबोला धरला. मिस्त्री कामाला आला की साडू खुर्ची टाकून त्याच्या हातांकडे बघत बसत. "वकीलसाब, तुमी असे पाहून राहिले तं मले पाना धरता येत नाई," असं म्हणून एक मिस्त्री गेला, दुसरा न सांगताच गेला. काम थांबलं की गाडीचे भाग सोडवून नातेवाइकांत वाटले जात, म्हणजे चोर आला तरी त्याला अख्खी गाडी मिळू नये. कार्बोरेटर ताईंच्या तांदळाच्या डब्यात होता. भोंगा बार्शीटाकळीच्या आतेबहिणीकडे. एक दिवा अमरावतीला आणि दुसरा आमच्या अकोल्याच्या कपाटात, जुन्या लुगड्यात गुंडाळून. शेजारच्या काकूंनी तो एकदा उघड्या कपाटात पाहिला आणि कुठला तरी कुलदेवतेचा टाक समजून हळदकुंकू वाहिलं. मी साडूंना फोनवर हसत हसत सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "थ्या बाईवर लक्ष ठेवा."

या सगळ्यात एका गोष्टीला मात्र कुणालाच हात लावू दिला नव्हता, ती म्हणजे मागची सीट. तिच्यात घोड्याचे केस भरलेले आहेत, आणि सीटवाल्यानं ती उघडली की केस काढून काथ्या भरणार, हे साडूंच्या दृष्टीनं सिद्ध झालेलं होतं. इंजिन झालं, रंग झाला, नवा टप झाला, पण सीट तशीच, फाटकी. रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन साडू स्वतः त्या सीटवर बसत आणि अंधार पडेपर्यंत गाडी राखत. वर्षानुवर्षं हा पहारा चालला.

अखेर जे कुणाला जमलं नाही ते उंदरानं केलं. तो सीटच्या आत शिरून मेला. दिवाळीच्या तोंडावर अंगणात उभं राहवेना, तेव्हा ताईंनी सांगून टाकलं, "येक तं हे सीट उघडा, नाई तं मी अकोल्याले बहिणीकडं चालली." सीटवाल्याला बोलावणं गेलं आणि पंच म्हणून मला. साडूंनी त्याचे खिसे तपासून घेतले. तो बिचारा नाकाला रुमाल बांधून कामाला लागला, खिळे काढले, गादी उचलली, मागचा लाकडी सांगाडा सुटा केला. सांगाडा आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत, टप दुमडतो त्या बाजूला, त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्यात एक काळपट, वाकडी वस्तू होती. त्यानं ती पायजम्यावर घासली. मोराची मान चमकली.

"साब, ये तुमारा है क्या?" त्यानं विचारलं.

साडूंनी अडकित्ता हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "नाई. माह्यं नोय थे." आणि जिच्यावर इतकी वर्षं बसले होते त्या सीटच्या उघड्या सांगाड्याकडे बघत जमिनीवरच बसले. मला एकदम रडू आलं. सीटवाल्याला वाटलं, वास सहन झाला नाही.

त्यानंतर गाडी महिन्याच्या आत पुरी झाली. मिस्त्रीकडे साडूंनी पाहिलंही नाही. भोंगा आला, आमचा दिवा आला, आणि एका सकाळी टप पाडून आम्ही चौघं अकोल्याला निघालो. साडू स्वतः चालवत होते, मी शेजारी, बायका मागे डोक्याला रुमाल बांधून. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत लोक रस्त्याच्या कडेला येऊन बघत होते, पण साडूंचं लक्ष नव्हतं. ते ओठ हलवत होते. आपलं शेवटचं भाषण ते पाठ करत होते, जे त्यांनी कुठल्याच न्यायाधीशापुढे केलेलं नव्हतं.

बंगल्यात सेठांची धाकटी मुलगी होती, साडूंच्याच वयाची, एकटी. साडूंनी तिच्यापुढे अडकित्ता ठेवला आणि ते ताठ उभे राहिले.

"अय्या, मोराचा! हा बाबाचाच होय. कुठं भेटला?"

"गाडीत. मागच्या सीटीत. ह्याच्यासाठी तुमच्यायनं माह्या बापाले काढलं होतं."

"डायवरकाकाले?" ती गोंधळली. "थे तं स्वतःच सोडून गेले ना जी? आमाले आई म्हने, काका गावाले गेले. मी कितीक दिवस रडली. आन अडकित्त्याचं काय, बाबाचे तं नेहमीच हरपत. आई पेटीतून दुसरा काढून देई."

साडूंचे डोळे बारीक झाले. खोटा साक्षीदार पकडताना होत तसेच. "तुमाले काईच मालूम नव्हतं?"

"नाई जी. काय झालं होतं?"

मला वाटलं, आता तो उलटतपासणीचा पहिला प्रश्न येणार. पण ते म्हणाले, "काई नाई. तुमची वस्तू होती, आनून देली." इतक्या वर्षांचं ते भाषण झालंच नाही. मला त्या बाईचा राग यायला हवा होता, पण राग करावा असं तिच्यात काहीच नव्हतं, आणि तेच फार वाईट वाटलं. ती फाटकापर्यंत आली, गाडीभोवती फिरली आणि लाजत म्हणाली, "काका मले हा भोंगा वाजवू देत." जो भोंगा साडूंनी ताईंनाही कधी दाबू दिला नव्हता, त्याचा रबरी फुगा त्यांनी तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी दाबला. तेव्हा साडूंनी मान फिरवली.

दुपारी आमच्याकडे जेवून ते आडवे झाले. गाडी खाली गल्लीत उभी. एरवी गाडीपासून दहा पावलं जायचं तरी ते इंजिनातली एक तार उपटून खिशात घालत. "वकीलसाहेब, तार?" मी विचारलं. "राहू द्या," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कोन नेते?" ते झोपले. मला मात्र चैन पडेना. मी पायरीवर बसून दुपारभर गाडी राखली, आणि शेजारच्या काकू दोनदा उगाच तिकडून गेल्या हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

आता अमरावतीला गेलो की घर कसं सुनंसुनं वाटतं. दूधवाला येतो नि जातो, त्याला कुणी काही विचारत नाही. संध्याकाळी साडू शेडमध्ये जात नाहीत, ओसरीत बसून असतात. परवा निघताना मी सवयीनं पिशवी उघडून त्यांच्यापुढे धरली. टॉर्च आला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड मिटलं आणि मिटलेलं तसंच घट्ट धरून ठेवलं.

"कोनाची पिशवी अशी उघडू नाई, साडभाऊ," ते म्हणाले. "आन कोनी म्हनलं, तं दावू नाई."