इल्दाच्या तारल्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. कन्फेशनच्या जाळीमागे बसलेल्या फादरलाही नाही. त्यांच्यापुढे गेली आठ वर्षं मी फुटकळ पापं सांगतोय. रागावलो, मिस्सा चुकवली, खोटं बोललो. 'खोटं बोललो' एवढंच म्हणायचं आणि पुढच्या पापाकडे वळायचं. कुठलं खोटं, कुणाशी — फादर विचारत नाहीत, मी सांगत नाही. सोयीचं आहे, नाही का?

आज सांगतो. फक्त माझी समजूत घालू नका. 'होतं असं माणसाच्या हातून' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. होत नाही, करतात. मी केलं.

मी वसईचा, मायनिंग इंजिनियर. सत्तरचं दशक संपता संपता ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत नोकरी लागली. लाल माती, माश्या, आणि पर्थ सहाशे किलोमीटर लांब. तेव्हा लग्न झालं नव्हतं. मेसमध्ये रोज मटणाचे चॉप्स, उकडलेले वाटाणे आणि चव नावाची गोष्ट ठाऊकच नसलेला बटाटा. सहा महिन्यांत माझं नऊ किलो वजन उतरलं.

मग इल्दा भेटली. ती आणि तिचा नवरा आर्मिंदो मदेराचे, म्हणजे पोर्तुगीज. तो आमच्याच खाणीत ड्रिलर होता. तिने घराच्या पुढच्या खोलीत सहा टेबलं मांडून खाणावळ सुरू केली होती. पहिल्या दिवशी तिने वाइन आणि लसणात मुरवलेलं डुकराचं मांस पुढ्यात ठेवलं आणि पहिल्या घासाला मी खाली बघत बसलो, डोळे दिसू नयेत म्हणून. आमच्या घरी सणाला होणाऱ्या विंदालूचं हे मूळ. मसाला नव्हता, पण आंबटपणा तोच, लसूण तोच.

तिचं इंग्रजी मोडकं, मला पोर्तुगीज येत नव्हतं. पण शब्द सापडत गेले. पाव, बटाटा, साबण, चावी, बालदी — एकेक वस्तू उचलून दाखवायची आणि दोघांनी आपापल्या भाषेत नाव घ्यायचं. नावं जवळजवळ सारखीच निघायची आणि ती टाळ्या पिटायची. जोसेफचं तिने जुझे केलं, आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची तसंच. कोबीच्या पानांचं सूप, खारवलेला कॉड मासा, दालचिनी भुरभुरलेला गोड भात. दोन वर्षं मी त्या घरात राजासारखा जेवलो. ताट रिकामं झालं की ती न विचारता वाढायची.

हे सगळं का सांगतोय? कारण पुढचं सांगायचं टाळतोय. बघितलंत? अजूनही.

ऐंशी साल संपल्यावरचा तिथला उन्हाळा, म्हणजे आपल्याकडची थंडी. आमचा एक जुना फोरमन निवृत्त होणार होता. त्याचं निरोपाचं जेवण इल्दाकडे करायचं, हे मीच ठरवलं. साहेबापुढे फुशारकी मारायची होती — तुम्हाला खाणं काय असतं ते दाखवतो म्हणून. माणसं पंचवीस. इल्दा हरखली. तिला निखाऱ्यावर भाजलेल्या तारल्या करायच्या होत्या, ते सार्डिन म्हणतात त्या. एरवी तिचे मासे बर्फात घालून ट्रेनने यायचे. पण मी त्याच आठवड्यात कामासाठी पर्थला जाणार होतो. म्हटलं, मीच आणतो, अगदी ताज्या.

शनिवारी पहाटे पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदराच्या धक्क्यावरून तारल्या घेतल्या. एस्कीत, म्हणजे त्यांच्या त्या थंड पेटीत, वरखाली बर्फ भरला आणि निघालो. वाटेत दहाच्या सुमाराला एका गावात पबमध्ये पाणी प्यायला थांबलो. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, मेलबर्नला आपली टीम खेळत होती. बारपाशी बसलेल्या दोघांनी मला हाक मारली, 'मेट', म्हणजे दोस्त म्हणाले, बिअर पुढे सरकवली. अडीच वर्षांत त्या देशात कुणी मला आपण होऊन टेबलावर बोलावलं नव्हतं. मी बसलो. चार तास बसलो. बाहेर ऊन त्रेचाळीस डिग्री, आणि एस्की गाडीच्या मागच्या सीटवर, बंद काचांत.

आठवण झाली नाही असं समजू नका. दोनदा झाली. दोन्ही वेळा म्हटलं, ही एवढी ओव्हर.

गाडी उघडली तेव्हा एस्कीत बर्फाचं नाव नव्हतं. पाणी होतं, आणि ते हाताला कोमट लागलं. तारल्या दिसायला बऱ्या होत्या. तिथेच फेकायला हव्या होत्या. मी कोळ्यांच्या शेजारी वाढलेला माणूस, मला हे कुणी शिकवायला हवं होतं? पुढच्या पेट्रोल पंपावर पाणी ओतून टाकलं, बर्फाच्या दोन पिशव्या घेतल्या आणि माशांवर नीट पसरल्या. नीट — हा शब्द मुद्दाम वापरतोय. हौसेने आणलेली वस्तू सजवून द्यावी तशा.

संध्याकाळी इल्दाने झाकण उघडलं. एक मासा उचलला, कल्ला उघडून पाहिला, वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"जुझे, बर्फ सगळ्या वाटेवर होता ना?"

"हो," मी म्हणालो. "सगळ्या वाटेवर."

तिने मासा परत ठेवला आणि माझा गाल थोपटला.

एक वाक्य पुरलं असतं. 'इल्दा, चुकलो, टाकून दे.' तिने मला चार शिव्या घातल्या असत्या आणि डुकराचं मांस केलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. मग का नाही बोललो? साहेबापुढे बढाई मारली होती म्हणून? दारू पिऊन बसलो हे तिला कळेल म्हणून? कारणं मला माहीत आहेत, आणि एकही कारण एका माशाच्या किमतीचं नाही.

पण खरं पाप हे नाही. इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बेपर्वाई, भित्रेपणा. थांबा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं. इल्दा स्वतः निखाऱ्यापाशी उभी राहून भाजत होती, घामाने निथळत होती. ताटांवर ताटं येत होती. फोरमनची बायको म्हणाली की तिने जन्मात असा मासा खाल्ला नव्हता. आणि मी — ज्याने त्या घरात कधी ताटात कण टाकला नव्हता — मी एकही तारली घेतली नाही. पोट ठीक नाही म्हणालो. सूप घेतलं, पाव घेतला. इल्दाने काळजीने माझ्यासाठी वेगळा भात आणला.

मला माहीत होतं. नक्की नव्हतं, पण स्वतः न खाण्याइतकं माहीत होतं. आणि मी तिथे बसून पंचवीस माणसांना खाताना बघत राहिलो.

गोड येईपर्यंत काहींची तोंडं लाल झाली होती. मग डोकेदुखी, छातीत धडधड, उलट्या. अकरा जण हॉस्पिटलात गेले. बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी आले. फोरमनचा सत्तरीतला भाऊ जॅक हृदयाचा पेशंट होता, तो नऊ दिवस राहिला. त्या नऊ दिवसांत मी रोज हॉस्पिटलला फोन करायचो आणि नाव न सांगता ठेवायचो. जॅक वाचला. त्यात माझं श्रेय काही नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, असे मासे उबेत राहिले की त्यांत एक विष तयार होतं. वास येत नाही, भाजून जात नाही. म्हणजे मासे कुठेतरी गरम झाले होते. कुठे, एवढाच प्रश्न उरला. कौन्सिलचा आरोग्य तपासनीस माझ्याकडे आला. मी म्हणालो, "मी दिल्या तेव्हा तारल्या ताज्या बर्फात होत्या. पुढचं मला सांगता येणार नाही."

शब्दन् शब्द खरा आहे, बघा. बर्फ ताजाच होता. एवढ्यासाठी शिकलो होतो मी.

त्याने इल्दाचा फ्रिज तपासला. सेकंडहँड फ्रिज, दाराचं रबर तडकलेलं. झालं! गावाला एवढंच हवं होतं. दोन वर्षं बोटं चाटून जेवलेली माणसं म्हणू लागली, या परदेशी बायका घाणेरड्याच, आम्हाला आधीच वाटलं होतं. कुणीतरी तिच्या काचेवर रंगाने शिवी लिहिली. मला त्या गावाचा संताप यायचा. पबमध्ये मी तावातावाने तिची बाजू घ्यायचो, टेबलावर मूठ आपटायचो. आणि लोक म्हणायचे, बघा, किती प्रामाणिक मित्र.

तिचाही राग यायचा. खोटं वाटेल, पण यायचा. गाल कशाला थोपटला? तो मासा पुन्हा एकदा हुंगला का नाही?

कौन्सिलने खाणावळ बंद केल्यावर मी तिच्याकडे गेलो. टेबलं भिंतीला लावून ठेवली होती. ती म्हणाली, "जुझे, माझं काय चुकलं?"

आणि मी तिची समजूत घातली. मी! म्हणालो, "फ्रिज जुना होता, इल्दा. तू तरी काय करणार?"

आर्मिंदो दारात उभा होता. नवा फ्रिज घे म्हणून तो वर्षभर तिच्या मागे लागला होता. तो आत निघून गेला. तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं, ते मला दिसलं. तिच्यावर माझं पाप होतंच, ते आता त्या दोघांच्या मधेही जाऊन बसलं. त्या हिवाळ्यात ते पर्थला निघून गेले. माझं प्रमोशन झालं.

पाच वर्षांनी, फ्रीमँटलला मिस्सा संपल्यावर कुणीतरी मागून हाक मारली. जुझे! माझी बायको सिसिलिया बरोबर होती. इल्दाचे केस पांढरे झाले होते, ती एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करत होती. तिने मला मिठी मारली आणि सिसिलियाला म्हणाली, अख्ख्या गावात हा एकटा माझ्या बाजूने बोलला. जेवायलाच घेऊन गेली. डुकराचं मांस होतं, सूप होतं, गोड भात होता. मासा नव्हता. सिसिलियाने विचारलं तेव्हा इल्दा म्हणाली, "दुसऱ्यासाठी मासा करत नाही आता. त्या दिवशी वास घेऊनही मला कळलं नाही. माझ्या नाकावर माझा विश्वास नाही."

मी जेवत होतो. दोनदा वाढून घेतलं.

ती स्वयंपाकघरात गेली होती, आर्मिंदो समोर बसला होता, तेव्हा बोलता आलं असतं. निघताना गेटपाशी बोलता आलं असतं. गाडीत सिसिलिया म्हणाली, किती साधी बाई आहे, आणि तू किती गप्प होतास. मी म्हणालो, जेवण जड झालं.

गेल्या वर्षी आर्मिंदोचं पत्र आलं. इल्दा गेली. शेवटपर्यंत तुझी आठवण काढायची, असं त्याने लिहिलं होतं. मी तिच्या नावाने मिस्सा सांगितली, सिसिलियाने सांत्वनाचं कार्ड पाठवलं, त्यावर मी सही केली.

आर्मिंदो एकटा राहतो. बायकोने नवा फ्रिज घेतला असता तर हे घडलं नसतं, असं तो आजही समजतो. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. मी त्याला अजून लिहिलेलं नाही.