अंगणातली मुक्कामाची गाडी

वाहन प्रवासाला निघण्यास योग्य झाले, असे नेमके केव्हा समजावे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर शोधावे, एवढ्याच हेतूने मी हे लिहावयास बसलो आहे. प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. चाकांत हवा असावी, टाकीत इंधन असावे आणि चालकाला रस्ता ठाऊक असावा, एवढे पुरे, असे कोणीही म्हणेल. परंतु असे म्हणणाऱ्याने आमच्या थोरल्या साडूंना पाहिलेले नाही. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात यंत्रदुरुस्तीच्या कामावर होते. प्रवासाची इतकी सर्वांगपरिपूर्ण तयारी करून इतका थोडा प्रवास केलेला दुसरा गृहस्थ साऱ्या नागपूर जिल्ह्यात झाला नसावा, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

गाडी का आली, हे आधी सांगितले पाहिजे. माझे सासरे जंगल खात्यात नाकेदार होते. पारशिवनीच्या पुढे, पेंच नदीच्या काठी, दाट सागवानात त्यांचा नाका होता, आणि माझ्या मेहुणीचे, म्हणजे आक्कांचे, सारे बालपण त्या नाक्याच्या दगडी ओट्यावर गेले. माझी पत्नी पुष्कळ धाकटी. तिच्या जन्मापूर्वीच बदली होऊन कुटुंब शहरात आले. त्यामुळे त्या जागेची आठवण असलेल्या आक्का एकट्याच उरल्या होत्या. तेथे जाऊन पुन्हा एक रात्र राहावे, एवढी एकच गोष्ट त्यांनी लग्नानंतर यजमानांकडे मागितली. त्या वाटेला एस.टी. जात नसे. म्हणून साडूंनी कामठीच्या एका लिलावात लष्कराने काढून टाकलेला पिकअप ट्रक घेतला. त्याच सुमारास त्या नदीवर धरणाचे कामही सुरू झाले होते, आणि ते पुरे झाले की नाका पाण्याखाली जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. अशा रीतीने तिकडे धरण आणि इकडे गाडी, अशी दोन बांधकामे एकाच वेळी चालू झाली. आधी कोणते पुरे होते, यावर आक्कांचे जाणे अवलंबून होते. साडूंना याची चिंता वाटत नसे, कारण सरकारी कामाच्या गतीवर त्यांचा गाढ विश्वास होता.

आता गाडीतील सुधारणांचा क्रम पाहू. जंगलातील वाट खडकाळ असते, म्हणून साडूंनी प्रथम चाकांवरच्या पोलादी कमानींत जादा पट्टे घालून गाडी उंच केली. हे शास्त्राला धरूनच होते. पण उंच केलेल्या गाडीत आक्कांना चढता येईना, कारण त्यांचे गुडघे तेव्हाच दुखू लागले होते. म्हणून लोखंडी पायरी जोडण्यात आली. ती पायरी खडकाला घासेल, हे ध्यानात आल्यावर ती घडीची करण्यात आली, आणि तिची दोरी चालकाच्या हाताशी आणण्यात आली. आता वाचकांनी थोडा विचार करावा. पायरी उघडायची तर आत बसावे लागे, आणि आत बसायचे तर पायरी लागे. ही विसंगती मी साडूंच्या नजरेस आणून दिली, तेव्हा मी शाळामास्तर असूनही त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या मागच्या बाकावरील मुलाकडे पाहावे तसे पाहिले. "म्हणून तर मी आधी चढतो, मास्तर," ते म्हणाले. ते स्वतः कसे चढत, हे मी पाहिले आहे. टायरवर एक पाय, आरशाच्या दांड्यावर एक हात आणि ओठांत पाना, अशी ती चढाई असे.

त्यानंतर पाण्याचा प्रश्न आला. इंजिनालाही श्वास लागतो. ओढा ओलांडताना त्याच्या नाकात पाणी गेले तर ते बंद पडते. म्हणून साडूंनी नरखेडजवळच्या आपल्या भावाच्या संत्र्याच्या बागेतून विहिरीवरच्या पंपाची जुनी नळी आणली, आणि इंजिनाचे नाक टपाच्याही वर नेऊन ठेवले. तीच गत धुराच्या नळीची. या दोन नळ्या शिंगांसारख्या वर काढून गाडी अंगणात उभी राहिली, तेव्हा वीज केंद्राच्या वसाहतीतल्या म्हशी काही दिवस त्या वाटेने जायला तयार होईनात. शेजारचे एक गृहस्थ विचारते झाले की नदी एवढी खोल आहे काय. साडूंनी गंभीरपणे सांगितले की नदी आपण पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याविषयी काहीही गृहीत धरणे योग्य होणार नाही.

स्वयंपाकघर मागच्या फळीत होते. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या तासून त्यांनी खण केले होते. तिखट, मीठ, पोहे, सुतळी आणि जंतावरचे औषध यांना स्वतंत्र खण होते. गाडी कशीही कलली तरी स्टोव्ह सपाट राहावा, म्हणून तो दोन कड्यांत झोपाळ्यासारखा टांगला होता. त्याचे प्रात्यक्षिक म्हणून त्यांनी गाडी वसाहतीच्या रस्त्यांवरून फिरवत मला चहा करावयास लावले. प्रयोग सैद्धांतिकदृष्ट्या यशस्वी झाला. पातेल्यातील चहा अखेरपर्यंत सपाट राहिला. कललो तो मी. माझ्या सदऱ्यावरचे डाग पाहून साडू म्हणाले की दोष स्टोव्हमध्ये नसून मास्तरांच्या बैठकीत आहे, आणि पुढच्या रविवारी त्यांनी चहा करणाऱ्याला बांधून ठेवण्यासाठी एक पट्टा बसवला.

परंतु या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे कूलर. नागपूरचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला कूलरविना मे महिन्याची कल्पना करवत नाही, हे मान्य; पण जंगलात वाळ्याच्या ताट्या लावून जाणारी ही पहिलीच गाडी असावी. पंखा बॅटरीवर चाले. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवावे लागे. इंजिन चालू ठेवले की गाडी तापे, आणि गाडी तापली की कूलर अधिक जोरात चालवावा लागे. आक्का या वर्तुळाकडे पाहत तांदूळ निवडत बसत. एकदा त्यांनी एवढेच विचारले की नाक्यावर नदीकाठी रात्री पांघरूण लागत असे, मग याची गरज काय. साडूंनी उत्तर दिले, "तो झाला तुझा अंदाज वं. हे मोजमाप आहे."

निघण्याचे दिवस ठरत नसत असे नाही. दर वर्षी ठरत. आम्ही दोघे आदल्या दिवशीच नागपूरहून खापरखेड्याला येत असू. पहाटे आक्का दशम्या, ठेचा आणि सुकी भाजी बांधून तयार असत. मग साडू गाडीखालून बाहेर येत, हात पुसत, आणि म्हणत, "मास्तर, गाडी तयार आहे. फक्त एक बारीकसं काम राह्यलं." ते बारीकसे काम दुपारपर्यंत चाले. दुपारी अंगणातल्या निंबाखाली तीच शिदोरी उघडली जाई. जंगलात खायची शिदोरी अंगणात खाण्याचा हा आमच्या कुटुंबातला रिवाज इतका पक्का झाला, की एका वर्षी माझ्या पत्नीने घरून निघतानाच ताटे घेतली. त्या दिवशी आक्का सर्वांना वाढत राहिल्या, पण जेवायला बसल्या नाहीत. पुढे उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात चिखल, आणि हिवाळ्यात भावाच्या बागेतली आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली. साडूंची कारणे ऋतूंसारखीच नियमित होती, आणि ऋतूंप्रमाणेच कोणतेही खोटे नव्हते.

त्या गाडीत मुक्काम मात्र पुष्कळ झाले. नरखेडच्या कापसाची गादी घातलेला घडीचा पलंग तयार झाल्यापासून साडू त्याची चाचणी घेण्यासाठी रोज दुपारी त्यावर निजत. मच्छरदाणीची एक दोरी टपाला आणि दुसरी पपईच्या झाडाला असे. चाके विटांवर, शिंगे आभाळात आणि मालक घोरण्यात मग्न, अशी ती गाडी मी कित्येक रविवारी पाहिली आहे.

अशाच एका वैशाखातल्या रविवारी मी वर्तमानपत्रातली बातमी घेऊन गेलो. येत्या पावसाळ्यापासून धरणात पाणी अडवणार होते, आणि जंगलातला जुना रस्ता लवकरच बंद होणार होता. मी पोचलो तेव्हा गाडी पूर्णपणे नागडी होती. सर्व सामानाचा भार एका बाजूला जास्त पडतो, असा शोध लागल्यामुळे साडूंनी पलंग, खण, स्टोव्ह, कूलर, पायरी, सारे उतरवून अंगणात मांडले होते; ते नव्या क्रमाने बसवायचे होते. त्यांनी बातमी दोनदा वाचली. सरकारने त्यांचा विश्वासघात केला होता. "पंधरा दिवस द्या मास्तर," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत सगळं जागच्या जागी."

आक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्याला पिशवी होती, काखेत घडी केलेली सतरंजी होती आणि हातात स्वयंपाकघरातले स्टूल. स्टूल त्यांनी गाडीच्या दाराशी टेकवले. ते डगमगू लागले, म्हणून मी धावत जाऊन धरले. गुडघ्यावर हात दाबत, एकदा थांबून, त्या वर चढल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

"अजी, मी बसली आहो," त्या म्हणाल्या.

साडू म्हणाले की अजून पायरी नाही, पलंग नाही, पाण्याचा पिंपही नाही. आक्का समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिल्या. साडूंनी माझ्याकडे पाहिले. पण मी स्टूल धरून उभा असल्यामुळे माझा पक्ष उघड झाला होता. अखेर त्यांनी चाकांखालच्या विटा काढल्या. काढताना प्रत्येक वीट त्यांनी नीट रचून ठेवली. मी स्टूल घेऊन मागे रिकाम्या पत्र्यावर बसलो, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.

त्या प्रवासात साडूंना झालेले दुःख मी विसरू शकत नाही. पारशिवनीपर्यंत ते काय काय मागे राहिले, याची उजळणी करत होते. मातीचा रस्ता लागल्यावर ते गप्प झाले, कारण गाडी अतिशय उत्तम चालत होती, आणि याची त्यांनी काहीही तरतूद केलेली नव्हती. ज्या ओढ्यासाठी इंजिनाचे नाक टपावर नेले होते, तो आला. वैशाखात त्यात पाणी घोट्याएवढेसुद्धा नव्हते. साडूंनी गाडी थांबवली, उतरून त्या वाळूकडे पाहिले, आणि फसवणूक झालेल्या माणसाच्या स्वरात म्हणाले, "यात तर पाणीच नाही गा."

नाक्याचे छप्पर केव्हाच गेले होते, पण ओटा जसाच्या तसा होता. आक्का त्यावरून हळूहळू चालल्या. आई मोहाची फुले कोठे वाळत घालत असे, वडील गाड्या अडवून लाकडे कोठे तपासत, पूर आला की नदी कोणत्या दगडाला टेके, हे त्या दाखवत गेल्या. तीन दगड मांडून त्यांनी चहा केला. तो कोणत्याही कड्यांशिवाय सपाट राहिला. साडूंच्या खिशात पाना नव्हता, आणि आसपास घट्ट करण्यासारखे काही नव्हते. ते ओट्यावर मांडी घालून बसले आणि आक्कांचे बोलणे ऐकू लागले. मी त्यांना इतका वेळ स्वस्थ बसलेले कधी पाहिले नव्हते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "हे सारं तू मले आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगून राह्यली होती," आक्का म्हणाल्या. "तुम्ही ठोकून राह्यले होते."

आम्ही ती रात्र तेथेच काढली. पांघरूण लागले. सकाळी निघताना आक्कांनी ओटा झाडून घेतला, जणू मागून कोणी राहायला येणार होते. साडू केरसुणीसाठी डहाळ्या तोडून देत होते आणि मध्येच थांबून नदीकडे पाहत होते. त्याच पावसाळ्यात पाणी चढले आणि नाका बुडाला.

साडूंनी सारे सामान पुन्हा बसवले. भार आता दोन्ही बाजूंना अगदी समान आहे, आणि माझ्या अल्प ज्ञानाप्रमाणे त्या गाडीत कोणताही दोष उरलेला नाही. एका रविवारी ते म्हणाले, "मास्तर, गाडी तयार आहे," आणि मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिलो; ते आले नाही. कोठे जायचे, असे मी विचारले. त्यांनी आक्कांकडे पाहिले. आक्का म्हणाल्या की त्यांना जायचे होते तेथे त्या जाऊन आल्या, आणि आता गुडघेही ऐकत नाहीत. साडूंनी टपावरची धूळ पुसली. हल्ली संध्याकाळी ती दोघे त्या गाडीत पुढे शेजारी शेजारी बसलेली दिसतात. आक्का त्या नाक्याविषयी काही सांगत असतात, आणि साडू मध्येच एखादा प्रश्न विचारतात: त्या दगडापासून नदी किती लांब होती, विहीर कोणत्या बाजूला होती. उत्तर मिळाले की ते मान हलवतात, आणि ती जागा मनात नीट बसवून घेत असावेत, असे वाटते.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर असे: ज्याला जायचे आहे ती व्यक्ती येऊन आत बसली, की वाहन निघण्यास योग्य झाले. मात्र हा निष्कर्ष एकाच उदाहरणावरून काढलेला आहे, आणि एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी जन्मभर मुलांना शिकवत आलो. ज्यांच्या दारात एखादी गाडी उभी आहे, आणि घरात कोणी कोठे तरी जायचे म्हणत आहे, त्यांनी कृपया हे स्वतः पडताळून पाहावे.