रोवण्यातून न निघणारा माणूस

घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. म्हणून स्टुडिओचा इतिहास मी लिहावा, असं काही नाही. माझ्याहून जुनी माणसं तिथे होती. त्यांनी लिहिलं नाही, एवढ्याच आधारावर हे धाडस करतो. चुकलं तर माफ करावं.

साकोलीत एका हार्डवेअर दुकानाच्या माडीवर आमचा कार्टूनचा स्टुडिओ होता. त्याचे मालक म्हणजे आमचे सर. ते आधी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत. नंतर दोन कॉम्प्युटर आले, आणि टीव्हीसाठी शेतकऱ्याची मालिका करायचं ठरलं. मी कॉलेज सुटल्यावर चित्रं काढायला जायचो.

सरांचा पहिला नियम, पाय काढायचे नाहीत. चालणारा माणूस म्हणजे ढीगभर चित्रं. म्हणून आमचा नायक कायम रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, गुडघाभर चिखलात उभा. त्याला साप तिथेच भेटे, पाहुणे तिथेच येत. त्याचं लग्नही आम्ही बांधीत, त्याच भाताच्या खाचरात लावलं. वऱ्हाडीही चिखलात.

नागपूरच्या चॅनलच्या साहेबांनी नमुन्याचा भाग पाहून विचारलं, "हा माणूस घरी जातच नाही का?" एकदा तरी चालवून दाखवा, नाहीतर मालिका नको, म्हणाले. मालिका गेली तर स्टुडिओ बंद, हे सरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. चालण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी गावी जाऊन बाबांना धुऱ्यावरून, शेताच्या वीतभर रुंद बांधावरून, चालायला लावलं आणि वहीत पाय उतरवू लागलो.

"काहून रे, माह्या पायाइकडे काय पाहून राहिला?"

"बाबा, अजून एकदा चाला ना."

"तुले शिकाले पाठवलं, न् तू बापालेच चालवून राहिला!" पण चालले. सहा वेळा.

आठ चित्रं झाली. तीच पुन्हा पुन्हा फिरवायची होती. कॉम्प्युटरवर नायक रुंद डांबरी रस्त्यावरून निघाला. पावलापुढे पाऊल, दोन्ही हात पसरलेले.

"हा पिऊन आला काय रे?" सर म्हणाले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, धुऱ्यावरचं चालणं रस्त्यावर चालत नाही. मला रडू यायचं बाकी होतं. नवी चित्रं काढायला वेळ नव्हता. सर म्हणाले, "पाय राहू दे. रस्ता पुसून टाक."

आम्ही रस्ता पुसून त्याच्या पायांखाली धुरा काढला. मग शाळेलाही धुरा, बाजारालाही धुरा. नवरदेवाची वरातसुद्धा एकामागे एक धुऱ्यावरून. भाग नागपूरला गेला.

माझी परीक्षा आली, स्टुडिओत जाणं थांबलं. विचारायची हिंमत होत नव्हती. नकार आला असेल तर तो माझ्या आठ चित्रांमुळेच, असं वाटे. शेवटच्या पेपरला जाताना एसटीत साकोलीच्या ओळखीच्या कंडक्टरने तिकीट देता देता माझ्याकडे पाहिलं.

"अरे, तुमची मालिका घेतली म्हणते ना चॅनलनं! आठ दिवस झाले. तुले कोणी सांगितलं नाही काय?"