खुळखुळ्याच्या अकरा बिया

डिंकमामांनी वाळक्या झाडपाल्याला जितकं जपलं तितकं कुणालाच जपलं नाही. बायको म्हणायची, "मी वाळून कोळ झाले की बघाल माझ्याकडे. तेव्हाही आधी कागदावर चिकटवाल!"

वनस्पती संग्रहालयाच्या मागच्या खोलीत एकतीस वर्षं त्यांचं हेच काम. रानातून आलेलं रोप टीपकागदात दाबायचं, वाळवायचं, कीड मरावी म्हणून दिवसभर गरम पेटीत ठेवायचं, मग डिंकाने जाड कागदावर बसवायचं. बियांचं पाकीट मात्र पेटीत कधीच जायचं नाही, बी मरतं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ही तंबी द्यायचे तेही मामाच.

एका सकाळी संग्रहालयाच्या मोठ्या बाई आल्या. "मामा, टेकडीवरच्या खुळखुळ्याचा कागद काढा."

खुळखुळा म्हणजे वाटाण्याचा रानातला गोतावळा. फुलं पिवळी, शेंगा फुगीर, वाळल्या की आतल्या बिया वाजतात. त्याच्या कितीतरी जाती. त्यातली ही एकाच टेकडीवर यायची. ती टेकडी खडीसाठी फोडली, आता तिथे खड्डा आहे.

"बावीस वर्षांचं बी," बाई म्हणाल्या, "पण हे खानदान चिवट. एक जरी उगवलं ना मामा, तर गेलेली जात परत आली समजा."

मामांनी कागद काढला आणि त्यावरच्या शेंगांच्या पाकिटावर बोट ठेवलं. बावीस वर्षांपूर्वी या पाकिटातल्याच एका शेंगेला त्यांना भोक दिसलं होतं. तेव्हाचे साहेब एका किड्यावरून माणसाच्या सात पिढ्या उद्धरायचे. घाबरून मामांनी सगळं पाकीटच पेटीत सारलं, आच पूर्ण चढवली आणि सोमवारी काढलं. सारलं होतं शनिवारी. किडा मेला, मामा वाचले.

बाईंनी एक शेंग राखून बाकीच्या फोडल्या. धड अशा अकरा बिया निघाल्या. पाणी आत मुरावं म्हणून त्यांची टणक साल घासून त्या काचेच्या बशीत ओल्या कागदावर मांडल्या. पाणी शिंपडायचं काम मामांकडे. ते तासातासाला झाकण उचलून बघायचे. न जाणो, एखादी मधली बी आचेतून सुटली असेल.

"काय हो, बाळंतिणीच्या दाराशी येरझारा घातल्यासारखं?" बाई हसल्या. मामाही हसले, हसताना दात तेवढे दिसले.

दहाव्या दिवशी दोन बियांवर बुरशी आली. महिन्याभरात सगळ्या मऊ पडल्या. चिमटीत धरली की बी भिजल्या पिठासारखी दबायची.

"जुनं बी, तुमचा काय दोष," बाई म्हणाल्या, आणि ते मामांना शिवीपेक्षा लागलं. "अजून एक शेंग आहे ना? आणा, तीही पेरू."

मामा जागचे हलले नाहीत.

"नका पेरू, बाई."

"का?"

"तीपण त्याच पेटीत होती."

बाईंनी पेटीकडे पाहिलं, मग मामांकडे. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती वेळ?"

"शनिवार ते सोमवार."

बाईंनी बशी धुवायला टाकली. "शेंग परत पाकिटात घाला," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मामांनी पाकीट कागदावर नीट चिकटवलं, कडा बोटाने दाबल्या. हात सराईत होता, एक सुरकुती पडली नाही. कपाटात कागद सरकवताना आत शेंग वाजली. अगदी जिवंत शेंगेसारखी.