बुडीत क्षेत्रातील रहिवासी

“वकीलसाहेब, बाजूनं या. कोनाच्या सयपाकघरातून काऊन चालले?”

मी थबकलो. पायाखाली तरोटा आणि काटेरी झुडपे होती. स्वयंपाकघर नव्हते, घर नव्हते, गावही नव्हते. माझे सायकलवाले शेजारी मात्र नसलेल्या गल्लीची वळणे घेत पुढे चालले होते. मी बाजूला होऊन त्यांच्या मागे गेलो.

बेट म्हटले की तुम्हाला समुद्र आठवेल. गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्याकडे धरणे आहेत. अशाच एका धरणात त्यांचे गाव बुडाले आणि टेकडीवरच्या एका टोल्याची, म्हणजे वाडीची, जागा तेवढी पाण्याबाहेर राहिली; तेच हे बेट. फुलचूरला माझ्या घराशेजारी त्यांचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. मी न्यायालयातला निवृत्त लिपिक. ते मला वकील म्हणत, आणि मी त्यावर हरकत नोंदवली नाही.

उन्हाळ्यात ते मला डोंग्यातून, छोट्या होडीतून, तिकडे नेत. पाण्यात उभ्या वाळलेल्या सागांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असत. “याईचं पुनर्वसन बराबर झालं,” ते म्हणत. ओसरलेल्या पाण्याने उघड्या पडलेल्या चिखलातून ते फुटके जाते, छपराच्या कवेलूंचे तुकडे उचलून न्याहाळत आणि जिथले तिथे ठेवत. त्याहीखाली कधी फार जुन्या माणसांची काळी-तांबडी खापरे निघत. मी एकदा एक खिशात घातले.

“ठेवा तिथंच. ते आमच्याही आधीचे घरमालक होत.”

टेकडीच्या माथ्यावर मोहाच्या झाडाखाली मातामायचे शेंदरी दगड होते. चारी दिशांना पांगलेले गावकरी पेरणीआधी तिथे जमत, पूजा करत. त्याशिवाय कुणी धान पेरत नसे. एका वर्षी सुरक्षेच्या कारणास्तव डोंग्यांना बंदी झाली. पूजेपुरती परवानगी मिळावी म्हणून मी धरणाच्या कार्यालयात अर्ज केला. उत्तर आले की सदर ठिकाण अभिलेखानुसार पाण्याखाली असल्याने तेथील पूजेचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच कार्यालयाने त्याच ठिकाणी विनापरवाना वावरल्याची नोटीस माझ्या शेजाऱ्यांना बजावली. जी जमीन नाही तिच्यावर अतिक्रमण कसे होते, हे मी आजही विचारतो आहे.

सुनावणीला मी सोबत होतो.

“तिथे काय करत होता?” साहेबांनी विचारले.

“फिरून राहिलो होतो.”

“तिथे पाणी आहे.”

“मंग पोहून राहिलो होतो म्हणून लिवा, साहेब.”

साहेबांनी खरोखर तसे लिहून घेतले आणि ताकीद देऊन सोडले. अपील करण्यासाठी माझे हात शिवशिवत होते. ते म्हणाले, “तुमचं अपील चालतच राहीन. पाऊस थांबन का?”

पूजेच्या दिवशी सारे गाव काठावर जमले. डोंगे साखळीने बांधलेले, शेजारी एक शिपाई तैनात. म्हातारी मंडळी म्हणाली, यंदा इथूनच नारळ फोडू, माय समजून घेईल.

“माय घरी अन् तुमी रस्त्यावरून हात दाखवता?” असे म्हणून माझ्या शेजाऱ्यांनी चपला काढल्या, नारळ आणि हळदकुंकू दुपट्ट्यात बांधून डोक्यावर घेतले आणि ते पाण्यात उतरले.

“ओ काका! मनाई आहे!”

“डोंग्याले आहे ना, बाबू? मी कुठं डोंग्यात बसलो?”

शिपायाने माझ्याकडे पाहिले. आदेशाची प्रत माझ्याजवळ होती. तिच्यात डोंग्यांखेरीज कशाचाही उल्लेख नव्हता. आयुष्यभर सरकारी मसुद्यातल्या त्रुटींवर संतापलेल्या मला त्या दिवशी पहिल्यांदाच एका त्रुटीबद्दल कृतज्ञता वाटली.

पूजा झाली, गावाने धान पेरले. त्याच हिवाळ्यात ते गेले. अंत्ययात्रेतले त्यांचे दर्शन माझ्या डोळ्यांसमोर टिकत नाही. मला ते दिसतात पाठमोरे, छातीभर पाण्यात, दोन्ही हातांनी डोक्यावरचे गाठोडे सावरत चाललेले. आणि काठावर तो शिपाई: लाटेने ओढत नेलेल्या त्यांच्या चपला बुटांसकट पाण्यात शिरून परत आणणारा, त्या झटकत ओरडणारा, “काका, हळू! घाई नोका करू!”