लॅमिनेट केलेली सहा कुपनं

आज रविवार. सकाळी पावणेअकराला मी भंडाऱ्यातल्या एका मार्टमध्ये बिलाच्या रांगेत उभा होतो. खिशात शंभर-शंभर रुपयांची सहा कुपनं होती. तीन आमची, तीन शेजारच्या मीराकाकूंची. ती वापरायचा आज शेवटचा दिवस होता.

काकूंनी आपली तीन दिवाळीपासून जमवली होती. "तुह्याजवळ कागद खराब होत नाही," म्हणून माझ्याकडे दिली. आमच्या घरी जपायचा कागद लॅमिनेट करतात. आधारकार्ड केलं, माझा शाळेचा दाखला केला. तशी मी कुपनंही केली.

काउंटरवरच्या मुलीने ती उलटसुलट करून पाहिली. "दादा, हे कायले लॅमिनेट केलं जी? शिक्का मारून कोपरा फाडा लागते ना आमाले. असे चालत नाही."

"आता फ्रेम करून भिंतीले लाव," मागचा माणूस म्हणाला. रांग हसली.

बाजूला होऊन मी नखाने प्लास्टिक सोलून पाहिलं. छपाई प्लास्टिकसोबतच निघून आली.

कुपनांशिवाय पैसे पुरत नव्हते. दोन्ही घरांचं तेल परत ठेवलं आणि नदीच्या पुलावरून आमच्या गावी, कारध्याला, पायी आलो. काकूंनी तेलाचा रिकामा डबा घासून ओसरीवर उन्हात ठेवला आहे. मी मागच्या दाराने घरात शिरलो.

त्यांना कसं सांगू? तुमच्यापैकी कोणी जपता जपताच काही घालवलं आहे का?

खर्च: लॅमिनेशन साठ रुपये, जातानाचा ऑटो वीस.
बचत: काही नाही.
देणं: काकूंचे तीनशे.